वाचकांचे प्रश्न: वेंडर म्हणतो "सगळं होईल", मग निवडायचा कसा?

प्रश्न: नमस्कार सर, औसा तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, 640 सभासद आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा घेतो, साफ करून ग्रेडिंग करून लातूरला प्लांटला नाहीतर व्यापाऱ्याला देतो. बरेच सभासद माल आज टाकतात, भाव दिवाळीनंतर करतात. आतापर्यंत वही आणि एक्सेलवर भागलं पण आता जमेना, मागच्या सीझनला 11 पट्ट्यांचा (शेतकऱ्याला मालाच्या पैशाची चिठ्ठी देतो ती) हिशोब शेवटपर्यंत लागला नाही. म्हणून सॉफ्टवेअरसाठी तिघांकडून कोटेशन घेतलंय. एक जण तयार पॅकेज देतोय 65 हजारात, पहिलं वर्ष सर्व्हिस फ्री, नंतर वर्षाला 15 हजार. दुसरा म्हणतो तुम्हाला पाहिजे तसं नवीन बनवून देतो, साडेचार लाख. तिसऱ्याचं क्लाउडवर आहे, महिन्याला 6 हजार. तिघांनाही आमच्या 22 कामांची यादी दिली, यादी सोबत जोडलीय. तिघंही म्हणायलेत सगळं होईल. मग फरक कसा करायचा? स्वस्तवाला घेऊन टाकावा का?
(एक वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर: दादा, तुमची यादी दोनदा वाचली. तिघंही सगळं होईल म्हणाले यात त्यांचा दोष थोडा आहे आणि यादीचा जास्त, कारण यादीत तुम्ही लिहिलंय "खरेदी एन्ट्री, स्टॉक, पट्टी प्रिंट, सभासद खातं, रिपोर्ट" आणि एवढं तर किराणा दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्येपण असतं, त्यामुळं कुणालाही विचारा, तो हो म्हणणारच. तुमचं काम नेमकं कुठं वेगळं आहे ते यादीत आलंच नाही. ते तुमच्या पट्टीवर आहे.

म्हणून आधी मागच्या सीझनच्या पट्ट्या काढा, ती 11 भांडणाची तर नक्की काढा, आणि एक एक करून बघा. समजा एक ट्रॉली आली, रिकामी ट्रॉली वजा करून माल 2,550 किलो, कट्टे 42. बारदान्याची काट कट्ट्यामागं अर्धा किलो म्हणजे 21 किलो, राहिले 2,529. मॉइश्चर म्हणजे ओलावा लागला 14 टक्के, तुम्ही 12 च्या वर जेवढं तेवढी काट धरता म्हणजे 2 टक्के, 50 किलो 580 ग्रॅम. राहिले 2,478 किलो 420 ग्रॅम. भाव क्विंटलला 4,400 धरला तर 1,09,050 रुपये, त्यातून हमाली कट्ट्याला 12 प्रमाणं 504 आणि बियाण्याची उचल 6,000 वजा, हातात 1,02,546. आता हेच सॉफ्टवेअरनं मॉइश्चरची काट आधी 2,550 वर धरली आणि बारदाना नंतर वजा केला तर 51 किलो जातात, माल होतो बरोबर 2,478 आणि शेतकऱ्याला साडेअठरा रुपये कमी येतात. रक्कम छोटी दिसते, पण तो काट्यावरच मोबाईल काढून हिशोब करतो आणि आकडा जुळला नाही की पुढची ट्रॉली दुसऱ्याच्या दारात. सीझनला 900 पट्ट्या धरल्या तर साडेसोळा हजार रुपये असे नुसत्या क्रमानं इकडचे तिकडं होतात. तर "पट्टी प्रिंट होईल का" असं विचारायचं नाही, कोणती काट कशाच्या आधी आणि राउंडिंग कुठल्या पायरीला, हे लिहून द्यायचं. आणि 12 हा आकडा कोडमध्ये पक्का बसवू देऊ नका, तो तुम्हाला स्क्रीनवरून बदलता आला पाहिजे. 2024 च्या सीझनला केंद्र सरकारनं हमीभाव खरेदीत सोयाबीनची मॉइश्चरची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली होती, तसं परत झालं तर प्रत्येक वेळी वेंडरला फोन करत बसणार का?

दुसरी गोष्ट, जी यादीत नाही पण पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की "बरेच सभासद माल आज टाकतात, भाव दिवाळीनंतर करतात". दादा, ही एकच ओळ तिन्ही वेंडरांची खरी परीक्षा आहे. तयार पॅकेजमध्ये बहुतेक ठिकाणी खरेदी बिलाला भाव टाकल्याशिवाय एन्ट्री सेव्हच होत नाही, मग सर्व्हिसवाला पोरगा सांगतो आत्ता भाव 1 रुपया टाका, नंतर एडिट करा. हे अजिबात ऐकू नका. एक तर गोदामातला लाखोंचा माल पुस्तकात काही हजाराचा दिसतो, आणि दुसरं म्हणजे तुमची संस्था कंपनी कायद्याखाली आहे, 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे एडिट लॉग चालू पाहिजे, तो बंद करता येत नाही. 300 बिलांचे भाव 1 रुपयाचे 4,400 झालेले ऑडिटरला दिसले तर तो विचारणारच आणि संचालकांनी काय सांगायचं? म्हणून आवक पावती वेगळी आणि बिल वेगळं पाहिजे. पावतीवर फक्त वजन, मॉइश्चर, माती, डागी, तारीख. भाव ठरला की त्याच पावतीवरून बिल. अर्धी आवक विकली अर्धी ठेवली तरी चाललं पाहिजे. हे ज्याच्याकडं आज आहे तो वेंडर तुमच्या धंद्याच्या जवळचा, बाकी दोघं लांबचे, मग कोटेशन काहीही असो.

आता करायचं काय, तर 22 ओळींची यादी फाडून नवीन करा, एका ओळीत एकच गोष्ट, पुढं तुमची खरी पट्टी नंबर टाकून जोडा, आणि वेंडरला उत्तराला चारच शब्द द्या: आत्ता आहे, सेटिंगनं होतं, नवीन लिहावं लागेल, नाही. "होईल" हा शब्दच कागदावर नको. नवीन लिहावं लागेल असं आलं तर त्याच ओळीत किती दिवस आणि किती पैसे. आणि "आत्ता आहे" म्हणला तर मीटिंगमध्ये दाखवायला लावा, त्याच्या डेमो डेटावर नको, कारण त्या डेमोत एबीसी ट्रेडर्सला 100 किलो माल 100 रुपयानं विकलेला असतो आणि ते कुठंही जुळतंच. तुमच्या पाच पट्ट्या द्या. एक साधी, एक दिवाळीनंतरच्या भावाची, एक जिच्यात उचल मालापेक्षा जास्त झाली, एक जिच्यात काटा झाल्यावर शेतकऱ्यानं माल परत नेला, आणि एक त्या 11 मधली. एन्ट्री वेंडरच्या माणसानं नाही करायची, तुमच्या काट्यावर जी ताई नाहीतर पोरगा बसतो त्यानं करायची, आणि हातानं केलेल्या हिशोबाशी पैशापर्यंत ताडून बघायचं. माझा अनुभव आहे की याला दोन तास लागतात आणि तिघांमधला फरक पहिल्या अर्ध्या तासातच कळून येतो.

काट्याचंपण तसंच. वजन आपोआप येईल म्हणतात, पण वजनकाट्याच्या इंडिकेटरला बहुतेक जुनी सीरियल वायर असते, आरएस-232, आणि आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, कन्व्हर्टर लावावा लागतो, प्रत्येक कंपनीचा इंडिकेटर आकडा वेगळ्या पद्धतीनं पाठवतो. वेंडरला म्हणा लॅपटॉप घेऊन आमच्या काट्यावर ये आणि तुझ्या स्क्रीनवर वजन उमटव, मग पुढचं बोलू. क्लाउडवाल्याला विचारा, सीझनमध्ये संध्याकाळी 7 ला लाइट आणि नेट दोन्ही गेलं आणि बाहेर 14 ट्रॉल्या उभ्या आहेत तर पावती कशी निघणार? नेट आल्यावर आपोआप चढते का, आणि पावती नंबर डबल होत नाही ना, हे वायफाय बंद करून तिथंच बघा. सभासदांची नावं तुमच्याकडं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती युनिकोडमध्ये आणावी लागतील, नाहीतर सर्चला सापडणार नाहीत, हे काम कोण करणार तेपण लिहून घ्या.

पैशाचं बघा. पाच वर्षं धरली तर पॅकेज सव्वा लाख, क्लाउड 3 लाख 60 हजार, आणि नवीन बनवून देणाऱ्यानं वर्षाची सर्व्हिस लिहिलेलीच नाही, ती आधी लिहून मागा. पण मला विचाराल तर सगळं नवीन बनवून घेऊ नका. हिशोब, जीएसटी, ई-वे बिल, बॅलन्सशीट हे सगळ्या धंद्यात एकसारखं असतं, नियम बदलले की तयार पॅकेजवाला अपडेट देतो, एकट्या पोरानं लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ते प्रत्येक वेळी जमत नाही. तुमची विक्री आज किती ते लिहिलं नाही, पण वर्षाची उलाढाल 5 कोटीच्या वर गेली असली तर ई-इन्व्हॉइस लागतं, ही मर्यादा 1 ऑगस्ट 2023 पासून आहे, आणि 640 सभासदांच्या मालाला तिथं पोचायला वेळ लागत नाही. तेव्हा हिशोबाला तयार पॅकेज घ्या आणि काटा, आवक पावती, काट, उचल, पट्टी एवढाच भाग वेगळा बनवून त्याला जोडून घ्या. साडेचार लाखवाल्याला म्हणा एवढ्याच भागाचं कोटेशन दे. जोडणी कोणाची जबाबदारी हे दोन्ही वेंडरांना समोरासमोर बसवून ठरवा, नाहीतर आकडा चुकला की हा त्याच्याकडं बोट दाखवतो आणि तो याच्याकडं.

आणि कळकळीनं सांगतो, दसऱ्याच्या तोंडावर चालू करू नका. अमेरिकेत हर्शी नावाची चॉकलेटची मोठी कंपनी आहे, तिनं 1999 च्या जुलैमध्ये घाईनं नवीन सिस्टीम चालू केली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा हॅलोविन सण असतो, तेव्हा चॉकलेटला सगळ्यात जास्त मागणी. माल गोदामात पडून होता आणि जवळपास 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत. तुमचा हॅलोविन म्हणजे सोयाबीन. फेब्रुवारी-मार्चात हरभरा येतो, आवक कमी असते, त्यावर वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही सोबत चालवा, चुका निघू द्या, मग सोयाबीनला वही बंद करा. पैसे एकदम देऊ नका, थोडे ॲडव्हान्स, थोडे पाच पट्ट्या जुळल्यावर, आणि चांगला मोठा हिस्सा सोयाबीनचा पहिला महिना नीट गेल्यावर. करारात हेपण टाका की आमचा सगळा डेटा आम्ही मागू तेव्हा एक्सेलमध्ये मिळेल. वेंडर उद्या पुण्याला नोकरीला गेला तर 640 घरांचा हिशोब त्याच्या लॅपटॉपमध्ये अडकून राहायला नको.


प्रश्न: सर मी परभणीचा, स्वतः सॉफ्टवेअर करून देतो, आडत दुकानं, डाळ मिल, जिनिंगवाले असे कस्टमर आहेत. माझी अडचण उलटी आहे. मालक आधी नीट सांगत नाहीत, बनवून नेलं की म्हणतात असं नव्हतं पाहिजे. एका ठिकाणी चार वेळा बदललं, पैसे तेवढेच. काय लिहून घेऊ म्हणजे असं होणार नाही?

उत्तर: भाऊ, लिहून घेतलंच पाहिजे, पण त्याच्या आधी एक चूक सुधारा, जी मीपण केलीय. लातूरच्या एका डाळ मिलला सिस्टीम बसवताना मी मालकाच्या केबिनमध्ये चहा घेत घेत दोन दिवस सगळं लिहून घेतलं, मिलमध्ये पाय ठेवला तो थेट चालू करायच्या दिवशी. तिथं कळलं की तूर आत गेली की बाहेर फक्त डाळ येत नाही, डाळ येते, खंडा येतो, चुनी येते, भुसा येतो, प्रत्येकाचा भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, आणि मी केलेल्या सिस्टीममध्ये एका कच्च्या मालातून एकच पक्का माल निघत होता. मालकानं हे सांगितलं नव्हतं कारण त्याच्या दृष्टीनं ती सांगायची गोष्टच नव्हती, डाळ केली की चुनी निघणारच. दीड महिना परत काम करावं लागलं आणि तो खर्च मी सोसला, तो मालकाकडं मागायचं माझं तोंडच नव्हतं.

तेव्हापासून मी मालकाला "काय पाहिजे" असं विचारत नाही. मुनीमाजवळ बसतो आणि विचारतो काल काय काय झालं, सकाळी पहिला कागद कुठला लिहिला, तो पुढं कोणाकडं गेला, कोणती वही शेवटी मिळवता. वहीच्या समासात पेन्सिलनं लिहिलेलं असतं ना, "राहिले 2 कट्टे", "भाव फोनवर", "याचं पुढच्या बाजारी", ते सगळं नीट बघा, तुमच्या रिक्वायरमेंटमधली जी कामं सुटतात ती त्या समासात असतात. बाजाराच्या दिवशी एकदा आणि खाली दिवशी एकदा बसा. मालक जे सांगतो आणि मुनीम जे करतो त्यात फरक आढळला तर तो स्वतः सोडवू नका, दोघांना एकत्र बसवून विचारा. बऱ्याचदा मालकालाच माहीत नसतंय की तसं चालतं.

नंतर कोड लिहायच्या आधी स्क्रीन कागदावर काढा, साध्या वहीच्या पानावर चालतं, आणि मुनीमाला पेन देऊन म्हणा कालची पट्टी यात भर. भरताना तो जिथं थांबतो तिथं तुमचं काहीतरी राहिलंय. ते झालं की मग प्रत्येक ओळीला नंबर, प्रत्येक ओळीपुढं कोणत्या पट्टीनं तपासायचं ते, आणि दोघांच्या सह्या. त्यानंतर आलेला बदल वेगळ्या पानावर तारीख टाकून, खर्च लिहून, सही घेऊन. पहिला बदल फुकट केला तरी पानावर लिहाच, कारण चौथ्या वेळेला मालकाला आठवत नाही की हा चौथा आहे.

आणि जे येत नाही त्याला नाही म्हणायला शिका. गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते ते मला कळतं, परभणीसारख्या ठिकाणी एक काम गेलं की दोन महिने जाणवतं. पण मोंढ्यात सगळे एकमेकाला ओळखतात, "तो पोरगा होईल म्हणला आणि अडकवून ठेवलं" हे तिथं दहा दुकानात जातं. "हे माझ्याकडं नाही, पण बाकी 18 गोष्टी आज दाखवतो" असं म्हणून बघा, काम मिळायचं प्रमाण कमी होत नाही हे मी स्वतः पाहिलंय.


प्रश्न: वाळूजला आमचं प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून पार्ट काढतो, 30 कामगार. ज्या कंपनीला पार्ट देतो ती म्हणतेय बारकोड लेबल आणि गाडी निघायच्या आधी ऑनलाइन सूचना पाठवा. त्या निमित्तानं ईआरपी, म्हणजे सगळ्या कंपनीचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरवलंय. वेंडर म्हणतोय आमच्या पद्धतीनं काम करा, आमचं म्हणणं आहे आमचं 15 वर्षांचं एक्सेल जसंच्या तसं त्यात आलं पाहिजे. कोणाचं बरोबर?

उत्तर: दोघांचंही अर्धं बरोबर आहे आणि कुठलं अर्धं ते ठरवणं हेच खरं काम. एक्सेलमधला प्रत्येक कॉलम घ्या आणि विचारा हा का आहे. कस्टमर मागतो म्हणून असेल, बारकोड लेबलचा फॉरमॅट, पार्ट नंबर, गाडीची सूचना, तर त्यात तडजोड नाही, वेंडरनं त्या कंपनीच्या फॉरमॅटमध्ये एक लेबल छापून त्यांच्या गेटवर स्कॅन करून दाखवावं. कायदा मागतो म्हणून असेल तरी तेच. तुम्ही पार्ट प्लेटिंगला बाहेर पाठवत असाल तर चलनावर गेलेला माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर जीएसटीमध्ये तो विक्री धरला जातो, म्हणजे कुठल्या चलनाचे किती नग बाहेर आहेत हे रोज दिसलं पाहिजे. अनेक ठिकाणी माल तीन हप्त्यात परत येतो आणि दोन चलनांचा मिसळून येतो, हे डेमोत करून बघा.

पण जो कॉलम फक्त "पहिल्यापासून असंच आहे" म्हणून असेल तिथं तुम्ही बदला. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट कंपनीचं उदाहरण सगळ्यांनी वाचावं असं आहे. 2011 पासून त्यांनी सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरवर नवीन सिस्टीम बसवायला घेतली. त्यांची पद्धत होती स्टॉक खरेदीच्या भावानं धरायची आणि त्या सॉफ्टवेअरचा पाया होता विक्रीच्या भावावर. पद्धत बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले आणि बातम्यांप्रमाणं जवळपास 50 कोटी युरो घालून 2018 मध्ये काम सोडून दिलं. एवढी मोठी कंपनी पायाच्या एका गोष्टीवर अडकली. तुम्ही सही करायच्या आधी वेंडरला विचारा, तुमच्या सिस्टीमचा पाया कशावर आहे, लॉटवर का नगावर, स्टॉक कुठल्या भावानं, जॉबकार्ड एका ऑपरेशनला एक का सगळ्यांना मिळून एक. पाया जुळत असेल तर वरचं रिपोर्टचं दिसणं बदलून घ्यायला फार लागत नाही. पाया जुळत नसेल तर त्या वेंडरला सोडा, तो कितीही चांगला असला तरी.


प्रश्न: सर, जालना जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, मी एकटीच बघते. एक मोबाईल ॲप फुकट मिळतंय बिलिंगचं. घ्यावं का?

उत्तर: ताई, फुकट आहे म्हणून नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका, आधी एक करा. एकाच वाणाच्या, एकाच कंपनीच्या पण दोन वेगळ्या लॉटच्या पाच पाच पिशव्या त्यात चढवा आणि एका शेतकऱ्याला पहिल्या लॉटमधल्या दोन विकून बघा. बिलावर लॉट नंबर आला का, आणि त्या लॉटचे तीन शिल्लक असं दाखवलं का? बियाणं उगवलं नाही अशी तक्रार आली की कृषी अधिकारी लॉट नंबर मागतात आणि तुम्हाला त्या लॉटचं कोणाकोणाला गेलं ते सांगावं लागतं. बियाण्याच्या टेस्टची मुदत साधारण 9 महिने असते, तर मुदत संपलेला लॉट बिलात घ्यायला गेलात तर ॲपनं अडवलं पाहिजे. मोबाईलची तारीख पुढची करून तेपण बघता येतं. हे दोन्ही जमलं तर बिनधास्त वापरा, पण उधारीची वही एक सीझन सोबत चालू ठेवा.